पोथीचें वेष्टन व त्याचा रंग

जुनी पोथी हातीं आली कीं तिचें वेष्टन सोडून बाजूस टाकावयाचें, ही आपणां संग्राहकांची जुनी खोड आहे. कागद, शाई, अक्षराचें वळण यांची आपण चिकित्सा करतों; परंतु ज्या तांबड्या फडक्यानें पोथी राखली त्याकडे कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें तें फडकेंही एक अस्सल कागदच होय.

मंजिष्ठेचा रंग पक्का व कुसुंब्याचा उडणारा, हें पूर्वीं सर्वांस ठाऊक होतें. म्हणूनच चौदाव्या शतकांत विश्वनाथानें साहित्यदर्पणांत पूर्वरागाचे नीलीराग, कुसुंभराग व मंजिष्ठाराग असे तीन भेद सांगितले. रंगाऱ्याचा अनुभव परिचित नसता तर आलंकारिकाचा हा दृष्टांत कोणास कळला असता?

रंगविण्याची एक रीत अशी: सुती कापड धुवून हिरड्याच्या काढ्यांत भिजवावें, तुरटीच्या पाण्यांतून काढावें, आणि मग मंजिष्ठेच्या किंवा आल म्हणजे बारतोंडीच्या मुळ्यांबरोबर उकळावें. रंग मुळीचा, पण त्यास धाग्याशीं बांधते ती तुरटी. तिच्या जागीं लोखंडाचें पाणी घेतल्यास त्याच मुळीपासून काळसर छटा येते.

१८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान यांनीं अलिझरीन कृत्रिम रीतीनें सिद्ध केलें. पुढें १८८४ सालीं पेटंट झालेला काँगो रेड हा रंग तर तुरटीवांचूनच सुतावर बसूं लागला. अशा रंगांपुढें मुळ्यांचा व्यापार टिकला नाहीं. मात्र हीं द्रव्यें प्रयोगशाळेंत निरनिराळीं ओळखतां येतात: हिंदी मंजिष्ठेंत पर्प्युरिन, बारतोंडींत मोरिंडोन. वेष्टनांत काँगो रेड आढळल्यास तें १८८४ पूर्वींचें नव्हे, हें निश्चित. अर्थात् हा निर्णय वेष्टनाचा. पोथी त्याहून पुष्कळ जुनी असूं शकेल.

आज नद्यांचें पाणी राखण्यासाठीं वनस्पतिरंगांकडे पुन्हा लक्ष वळलें आहे. परंतु जुनें तें सर्व निरुपद्रवी, असेंही नव्हे. मोरचुदाचें पाणी ओढ्यांत सोडल्यास मासे मरतात. म्हणून कोणत्या कृतीनें रंगविलेलें कापड खरोखर टिकलें, हें पाहिलें पाहिजे. आणि त्याचा पुरावा आपल्याच बस्त्यांत आहे.

सबब संग्राहकांस आमची विनंति कीं, वेष्टन टाकूं नये, धुवूं नये व बदलूं नये. जीर्ण झाल्यास पोथीचा क्रमांक लिहिलेल्या कागदांत तें निराळें ठेवावें, व सूचींत त्याच्या रंगाची नोंद करावी. एकदां धुतलेला पुरावा परत मिळत नाहीं.