तारेची खरखर (विद्युत गिटार)

विद्युत गिटार वाजवताना हव्या त्या सुराबरोबर जे नको ते ऐकू येते, त्या सगळ्याला वादक सरसकट ‘खरखर’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रकार असतात : तार फ्रेटला घासल्याचा आवाज, बोटांचा व न दाबलेल्या तारांचा गोंगाट, आणि विजेची गुणगुण. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. वायरिंगच्या गुणगुणीसाठी नेकमधला ट्रस रॉड पिळत बसणारे थोडे नाहीत.

तार कशाला तरी घासते हा मुळात दोष नव्हे. मिरजेचा तंबोरा त्या घासण्यावरच उभा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून सतार व तंबोरे घडवणारी घराणी आहेत, आणि मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि उठते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती टेकण्याची जागा नेमकी साधली, की जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझण, लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या निबंधात यातली गंमत दाखवली : तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो, ते नियमाप्रमाणे उमटायला नकोत, तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. गिटारला हे नको असते. म्हणून तिच्या नटची व ब्रिजची टेकण्याची कड अरुंद ठेवतात, तार एकाच जागी सुटावी यासाठी. १९६७ मध्ये कोरल कंपनीने ‘इलेक्ट्रिक सितार’ काढली तेव्हा मुद्दाम सपाट ब्रिज बसवून हीच खरखर विकत दिली! उलट, साध्या गिटारच्या नटची खाच सपाट किंवा झिजलेली असली, की मोकळी तार नको असताना सतारीसारखी झणझणते.

फ्रेटची खरखर शोधताना पहिला प्रश्न एवढाच : ती अँपमधून ऐकू येते का? वायर न लावता वाजवताना कानाला लागणारी बारीक खरखर पुष्कळदा पिकअपपर्यंत पोहोचतच नाही. अनेक वादक तारा खाली बसवून तेवढी खरखर जाणूनबुजून सोसतात, आणि ते योग्यच आहे. अँपमधून येत असेल तर ती कुठल्या फ्रेटवर येते ते पाहावे. फक्त मोकळी तार खरखरत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच थांबत असेल, तर नटची खाच खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला. बाराव्याच्या पुढे असेल तर बहुधा ब्रिजवरचे सॅडल खाली गेलेले. एकाच तारेवर एकाच ठिकाणी असेल तर पुढचा फ्रेट उंच उठलेला किंवा पट्टीतून सुटलेला असतो. तो ठोकून बसवणे किंवा घासून समतल करणे हे कारागिराचे काम. या कशातच न बसणारी थरथर आली तर ट्यूनरची सैल चकती, सॅडलचा स्क्रू आणि पिकअपची स्प्रिंग तपासावी. पिकअप तारांच्या फार जवळ असला तर त्याचे चुंबक जाड तारेला ओढते आणि सूर डगमगतो. तोही खरखरीसारखाच भासतो.

नेकचा बाक मोजायला महागडे साधन लागत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर उरलेली फट पाहावी. ती पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. फट नसेल तर ट्रस रॉड पाव फेरा सैल करावा, तार पुन्हा सुरात आणून पाहावे, आणि मगच पुढचा फेरा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला सुमारे दोन आणि बारीक बाजूला दीड-पावणेदोन मिलिमीटर असली की बहुतेकांचे भागते.

हा बाक हवेप्रमाणे बदलतो. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की लाकूड सुकते, नेक साधारणतः सरळ होतो आणि पहिल्या फ्रेटवर खरखर सुरू होते. पावसाळ्यात नेक पुन्हा पुढे झुकतो आणि तारा उंच लागतात. मार्चमध्ये बिघडलेले वाद्य जुलैमध्ये आपोआप ‘बरे’ होते, ते यामुळेच. म्हणून ऋतू बदलताच फ्रेट घासायला देऊ नयेत. आधी बाक पाहावा. कारागीर शोधत कड्याहून अहिल्यानगरला जायला सप्टेंबर २०२२ पासून रेल्वेही आहे, पण पाव फेऱ्यात मिटणाऱ्या कामासाठी तिकीट काढू नये.

बोटांचा गोंगाट वाद्यात नसतो, हातात असतो. अँपचा गेन वाढला की न छेडलेल्या तारा, नटमागचे तुकडे आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगाही बोलू लागतात. उजव्या तळहाताची कड जाड तारांवर आणि डाव्या हाताची मोकळी बोटे बारीक तारांवर टेकवणे हा खरा उपाय. स्प्रिंगांमागे फोमचा तुकडा घातला की उरलेलेही शमते.

विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झची, तिचा दुप्पट १०० हर्ट्झचा भागही बोचणारा. सिंगल कॉइल पिकअप ती हवेतून झेलतो; गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच कारणासाठी दोन गुंडाळ्यांचा हमबकर रचला. जागेवरच वळून पाहिल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली तर ती बाहेरून, ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरकडून येते. तारांना हात लावताच कमी झाली तर ब्रिजचे अर्थिंग जोडलेले आहे, फक्त पिकअपच्या खोबणीला तांब्याची पट्टी लावावी. हात लावताच वाढली तर जॅकमधल्या किंवा आतल्या जोडण्या तपासाव्यात. यात्रा-लग्नाच्या मांडवात जनरेटरवर वाजवताना अँपच्या प्लगमधली तिसरी, अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवण्याची सवय आहे. ती जीवघेणी ठरू शकते. तारेला हात किंवा माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि अर्थिंग तपासल्याखेरीज वाद्याला हात लावू नये.