कीर्द-खतावणीपासून पदवीपर्यंत
जमाखर्च पेढीवर बसूनच शिकावा, ही आपल्याकडील जुनी रीत. मोडीत कीर्द-खतावणी लिहिता आली की काम भागे. 1913 साली मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघाले व या विद्येस पदवीची प्रतिष्ठा लाभली; पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय 1943 साली स्थापन झाले. पुढे संगणक आला. पुणे विद्यापीठाने वाणिज्य शाखेतच बी. बी. ए. (सी. ए.) हा तीन वर्षांचा क्रम ठेवला. त्यात हिशेबासोबत संगणकाच्या भाषाही आल्या. परंतु येथील ‘सी. ए.’ म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन! 1949 च्या कायद्यान्वये मिळणारी सनदी लेखापालाची सनद निराळी, तिच्या परीक्षाही निराळ्या. मिरजगावी शाळामास्तर म्हणून जन्म काढलेल्या आम्हीच या दोन अक्षरांस भुलून पुतण्याचा अर्ज भरला. वर्ष सरल्यावर त्याने विचारले, “काका, ऑडिट केव्हा शिकवतील?”