अर्जदार आणि जामीनदार

परदेशी विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला हल्ली जी कागदपत्रे जमवावी लागतात, त्यांत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचा एक हजारभर शब्दांचा निबंध असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो सर्वांत जड जातो असा आमचा अनुभव आहे. कादंबरीतल्या निवेदकाच्या विश्वासार्हतेवर वीस पाने सहज लिहिणारा विद्यार्थी स्वतः निवेदक झाला की अडखळतो. मी कोण, मला काय शिकायचे आहे, आणि ते तुमच्याकडेच का, हे तीन प्रश्न ज्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही अशा माणसाला पटतील अशा रीतीने सोडवायचे असतात. मग नमुने शोधले जातात, गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्या कुणाचा तरी निबंध हातोहाती फिरतो, आणि अखेरीस सगळ्यांचेच निबंध एकमेकांसारखे दिसू लागतात.

हा लेखनप्रकार आपल्याकडे नवा आहे अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. त्याला मराठी माणसांच्या हातून घडलेला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि तो वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते : अर्ज एकटा कधीच जात नाही. त्याच्यासोबत कुणीतरी जामीन राहणारा लागतो, आणि जामीन राहणाऱ्याची काही ना काही अपेक्षा असते.

आनंदीबाई जोशी यांच्यापासून सुरुवात करू. त्यांची कथा आपल्याला श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ सालच्या कादंबरीमुळे इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यातला कागदोपत्री भाग आपल्या नजरेतून सुटतो. वस्तुतः ती कथा पत्रांनीच घडलेली आहे. पहिले पत्र आनंदीबाईंचे नव्हेच, ते गोपाळरावांचे. पत्नीला अमेरिकेत शिकवावे आणि आपल्यालाही तिथे काही काम मिळावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिले. ते रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत पोहोचले. हे वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षे मिशनचे काम करून मायदेशी परतले होते आणि प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचे नियतकालिक चालवीत होते. त्यांनी पत्र छापले आणि त्यासोबत आपले उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा की, ख्रिस्ताचा स्वीकार केलात तर पुढचे पाहता येईल. जामीन मिळत होता. अट स्पष्ट होती.

ते पत्र तिथेच संपले असते. परंतु १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या असताना तो अंक चाळला आणि त्यांना त्या अनोळखी मुलीविषयी कणव वाटली. त्यांनी पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालू राहिला. कार्पेंटरबाईंनी धर्मांतराची अट घातली नाही. आज ज्याला आपण अर्जाची पूर्वतयारी म्हणतो ती आनंदीबाईंनी या पत्रांतून केली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इंग्रजीत स्वतःविषयी लिहिण्याची सवय, दूरच्या वाचकाला आपला देश समजावून सांगण्याची सवय, आणि न दुखावता मतभेद नोंदवण्याची सवय, या तिन्ही तिथे जडल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे (नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले सेरामपूर, गोपाळरावांची बदली तिथे झाली होती) कॉलेजच्या सभागृहात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो याचे जाहीर कारण दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, ही त्यांची प्रतिज्ञा याच व्याख्यानातली. साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे असे यात हे आहे की, आपला हेतू त्यांना दोनदा मांडावा लागला आणि दोन्ही वेळचा वाचक वेगळा होता. सेरामपुरात श्रोते होते स्वदेशीय. त्यांना धर्म बुडणार नाही याची ग्वाही हवी होती. जून महिन्यात अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. तिथला वाचक होता संस्थेचा चिटणीस, आणि त्याला पात्रतेचा पुरावा हवा होता.

हा अर्ज आज उपलब्ध आहे आणि तो ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्या लपवीत नाहीत. मात्र त्या उणिवेच्या समोर त्या एक वेगळेच मूल्य ठेवतात : आप्तस्वकीयांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध मोडून ज्या निर्धाराने मी इथवर आले, तो निर्धार माझ्या अभ्यासालाही पुरेल. नंतर हेतू येतो. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींना वैद्यकीय मदत मिळावी, एवढ्यासाठी मी आले आहे. गुणपत्रिकेत जे बसत नाही ते प्रवासाच्या अंतराने मोजावे, असा हा युक्तिवाद आहे. अठरा वर्षांच्या मुलीने तो परक्या भाषेत मांडला आणि तो मान्य झाला. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडले पुढे पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या ग्रंथाच्या प्रस्तावनाकार झाल्या, यावरून त्या वाचक म्हणून कशा असतील याची कल्पना येते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाचे काम देऊ केले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले; ते काम त्यांना सुरू करताच आले नाही.

ज्या काळात आनंदीबाई पत्रांच्या आधारे निघाल्या, त्याच काळात आपल्याकडच्या तरुणांना परदेशी जायला लावणारे दुसरे एक निमित्त होते, ते म्हणजे सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा. ती १९२२ पर्यंत केवळ लंडनमध्येच होत असे. या परीक्षेमागचे तत्त्व उदात्त होते : शिफारशीने नेमणूक नको, गुणांनी व्हावी. पण मेकॉले समितीने १८५४ साली जी गुणांची वाटणी सुचवली ती पाहावी. एकूण गुण ६८७५. त्यांत ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, आणि संस्कृतला ३७५. अरबीलाही ३७५. इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १५००. म्हणजे शिफारस करणारा माणूस गेला खरा, परंतु शिफारस गेली नाही. ती गुणांच्या तक्त्यात जाऊन बसली. १८७८ पासून कमाल वय एकोणीसवर आणले गेले तेव्हा तर कोवळ्या वयात, घरच्या पैशाने, समुद्रापार जाऊन तयारी करू शकणाऱ्यांपुरतीच ती परीक्षा उरली. ही मर्यादा १८९२ साली तेवीस केली गेली. या घडामोडी आपल्याकडे राजकारणाचा भाग म्हणून शिकवल्या जातात. त्या अभ्यासक्रमाच्या इतिहासाचाही भाग आहेत, असे आम्हांला वाटते.

रँग्लर परांजपे यांचे उदाहरण सरळ आहे. फर्ग्युसनचा विद्यार्थी, भारत सरकारची शिष्यवृत्ती, १८९६ साली केंब्रिज, १८९९ साली सीनिअर रँग्लर, आणि परतल्यावर पुन्हा फर्ग्युसन. गणितात गुणांचा तक्ता बहुधा कमी पक्षपाती असतो.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण तसे नाही. वडिलांचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले. त्याच वर्षी ४ जूनला त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि तो संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. सयाजीरावांच्या औदार्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु करार हा करार असतो. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना कुठलीही राष्ट्रीय पातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागली नाही, कारण तशी परीक्षा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मुंबई विद्यापीठाची पदवी होती आणि पाठीशी एक संस्थानिक होता.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्या निबंधात ज्या पूर्वसूरींच्या व्याख्या तपासल्या आहेत त्यांत श्रीधर व्यंकटेश केतकर आहेत. ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, १९०९ साली, त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या दोन विद्यापीठांत, सात वर्षांच्या अंतराने, दोन मराठी विद्यार्थी एकाच संस्थेचा उलगडा करीत होते. एक तिच्या वरच्या टोकाकडून आलेला, दुसरा खालच्या. आपल्या जीवनातला प्रश्न त्यांनी परदेशी नेला आणि तिथली साधने त्याला लावली. मराठी समाजचिंतनाच्या इतिहासात ही जागा अजून पुरेशी अभ्यासली गेलेली नाही.

कोलंबियाहून लंडनला जाताना आंबेडकरांच्या जवळ आणखी एका प्रकारचा जामीन होता. प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. राजाची जागा गुरूने घेतली. आज 'रेकमेंडेशन' म्हणून जे मागतात ते हेच. (आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अध्यापक 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे सांगतात, तेव्हा ते काय नाकारीत असतात याची त्यांना कल्पना नसावी.) पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. करारानुसार ते बडोद्याला हजर झाले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे हुसकावून लावण्यात आले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दहा वर्षांच्या नोकरीची अट घालणाऱ्या कराराने निवासाची हमी दिलेली नव्हती. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

ज्या परीक्षेचे नाव आज परदेशी शिक्षणाशी जोडले गेले आहे ती जीआरई याच्या बरीच नंतरची. १९३६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने चार विद्यापीठांनी तिचा प्रयोग सुरू केला, आणि त्या चारांत कोलंबियाही होते. हेतू पुन्हा तोच : अनोळखी अर्जदाराला ओळखीच्या माणसाची गरज पडू नये. पुढे ती १९४७ साली स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे गेली, आणि हिचा कारभार प्रिन्स्टनचा. गोपाळरावांचे पत्र जिथे छापले गेले त्याच गावाच्या पत्त्यावर आपल्या पिढ्यांचे गुण तयार होऊ लागले, हा निव्वळ योगायोग. पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी २००० नंतरच्या दशकात ही परीक्षा दिली त्यांना शब्दांच्या याद्या आठवत असतील. झेरॉक्स केलेल्या, समासात मराठी अर्थ लिहिलेल्या, लोकलमध्ये पाठ केलेल्या. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्ये यांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर ते पाठांतरही बरेचसे गेले. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी निराळी विषयपरीक्षा होती : सुमारे २३० प्रश्न, पावणेतीन तासांच्या आसपास वेळ. एखादा उतारा कोणत्या कवीचा ते ओळखा, ही ओळ कोणत्या नाटकातली ते सांगा. मराठीत एम.ए. करून तौलनिक साहित्याकडे वळू पाहणाऱ्याने तुकाराम किंवा मर्ढेकर किती बारकाईने वाचले आहेत, हे मोजण्याची सोय तीत अर्थातच नव्हती. मेकॉले समितीने संस्कृतला निदान ३७५ तरी दिले होते! ही साहित्याची परीक्षा २०२१ साली बंद झाली. मुख्य जीआरईदेखील सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आली आणि मानव्यविद्येच्या अनेक विभागांनी ती मागणेच सोडून दिले. गुण मागे पडले तसे निबंध, लेखनाचा नमुना आणि शिफारसपत्रे यांचे वजन पुन्हा वाढले. फरक एवढाच की, अमेरिकेच्या बाबतीत प्रवेश मिळाल्यावर व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते, आणि बहुतेक घरांत तो जामीन आता बँकेचा असतो.

सरकारही एक जामीनदार आहे. अनुसूचित जातींच्या आणि इतर वंचित घटकांच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. बडोद्याच्या करारात जी मदत एका राजाच्या मर्जीवर अवलंबून होती ती इथे योजना म्हणून आली, हा मोठा पल्ला होता आणि तिच्या बळावर कितीतरी जणांनी तो गाठलाही. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या नियमावलीत एक कलम घालण्यात आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीखाली चालणार नाहीत. भारतावरचे संशोधन भारतातच करता येते, असे त्याचे समर्थन झाले. १९१३ चा करारही विषय ठरवून देणाराच होता. मात्र त्या कराराने गेलेल्या विद्यार्थ्याला ९ मे १९१६ च्या दुपारी जातींवर बोलण्यापासून कुणी अडवले नव्हते.