बेळगावची व्यक्तिचित्रे आणि रोजची बैठक

बेळगावात विसाव्या शतकात व्यक्तिचित्रणाची जी परंपरा रुजली, तिचे मूळ मुंबईच्या चित्रशिक्षणात शोधावे लागते, कारण १९५६च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात जाईपर्यंत हा जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. १८५७ मध्ये सुरू झालेली सर ज. जी. कलाशाळा या शिक्षणाचे केंद्र होती. तिच्या वळणाचे शिक्षण घेतलेले ड्रॉईंग मास्तर इलाख्यातील शाळांत गेले आणि त्यांच्यामागोमाग एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षाही गावोगाव पोचल्या. मुक्तहस्त रेखाटन, स्मरणचित्र आणि वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या भांड्याकुंड्यांचे छायाप्रकाशासह केलेले चित्र, असे या परीक्षांचे स्वरूप होते. त्यातून हात वळत असे, पण चेहरा साधत नसे. त्यासाठी जिवंत माणूस समोर बसवून पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि खुद्द मुंबईच्या कलाशाळेतही जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याच्या वर्गाला खरे बळ मिळाले ते शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ नंतर.

बेळगावला दुसरा शेजार होता तो कोल्हापूरचा. निपाणी ओलांडून उत्तरेकडे गेले की जे संस्थानी शहर लागते, तेथे शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी वर्षानुवर्षे निसर्ग न्याहाळत काम करीत होते आणि त्यांच्यानंतरच्या पिढीत बाबूराव पेंटर यांच्यासारखे कलावंत रंगभूमीचे पडदे, तैलचित्रे आणि चित्रपट या तिन्हींत वावरत होते. राजवाडे, नगरवाचनालये, सभागृहे आणि सधन घरे यांना पूर्वजांची तैलचित्रे हवी असत, आणि पूर्वज बहुधा हयात नसल्याने ती फोटोवरून करावी लागत. या मागणीने चित्रकारांचे पोट भरले हे खरे; तिने त्यांची नजर घडवली असे मात्र म्हणता येत नाही, कारण फोटोत प्रकाशाचा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो आणि चित्रकाराच्या वाट्याला केवळ त्याची नक्कल उरते.

बेळगावात ही उणीव भरून काढणारे नाव म्हणजे के. बी. कुलकर्णी. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र या दोन्हींत अधिकार असलेल्या या चित्रकाराने मुंबईत स्थायिक न होता बेळगावातच राहून ‘चित्रमंदिर’ या संस्थेतून शिष्य घडवले. तिकडे धारवाडला चित्रकार हळभावी यांनी १९३५ मध्ये कलाशाळा काढली होती, म्हणजे मुंबई इलाख्याच्या या दक्षिण टोकाला चित्रकलेचे शिक्षण हळूहळू स्थानिक होऊ लागले होते. बेळगावची वस्तीही चेहऱ्यांच्या अभ्यासकाला अनुकूल म्हणावी अशी होती: १८३२ पासूनची छावणी, जिला सारे शहर कॅम्प म्हणते, तेथे १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र, आणि गावात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी माणसे. अर्थात नुसत्या वैविध्याने चित्रकार होत नाही; तसे असते तर प्रत्येक छावणीच्या गावी कलाशाळा निघाली असती.

निरीक्षणाधारित व्यक्तिचित्रणाची वास्तववादी पद्धत दिसते त्यापेक्षा कठोर आहे. नवशिका डोळे बहुतेक वेळा फार वर काढतो, कारण त्याचे लक्ष नाक-डोळे-ओठांवर खिळते आणि कपाळ व केसांखालील कवटीचा भाग त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच. प्रत्यक्षात सरळ पाहणाऱ्या प्रौढ माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर येतात. म्हणून आधी डोक्याचे आकारमान आणि कल ठरवायचा, हात ताठ धरून पेन्सिलीने प्रमाण मोजायचे, एका बाजूने येणारा उजेड ठेवून डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसट होऊन उजेड आणि सावलीचे मोठे भाग तेवढे उरतात, आणि मगच पापण्या, नाकपुड्या यांकडे वळायचे, असा हा क्रम असतो. मॉडेल थकते, मान नकळत कलते, खिडकीतला उजेड सरकतो. त्यामुळे पाहणे आणि ठरवणे झटपट करावे लागते, आणि हे झटपटपण रोजच्या बैठकीवाचून येत नाही. परीक्षेची तयारी काही महिन्यांत उरकता येते, हा सराव उरकता येत नाही. ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या असंख्य विद्यार्थ्यांपैकी व्यक्तिचित्रकार मोजकेच का झाले, याचे कारण बहुधा येथेच आहे.

‘चित्रमंदिरा’तून निघालेले सर्वांत परिचित नाव रवी परांजपे यांचे. बेळगावात १९३५ मध्ये जन्मलेले परांजपे पुढे मुंबईत बोधचित्रकार, म्हणजे मजकुराला पूरक चित्रे काढणारे चित्रकार, म्हणून नावारूपाला आले, काही काळ नैरोबीत राहिले आणि अखेरीस पुण्यात स्थिरावले. तेथेच २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. बोधचित्रकाराला मुदतीत काम द्यावे लागते आणि प्रत्येक वेळी मॉडेल समोर बसवणे शक्य नसते, तेव्हा उपयोगी पडतो तो आधी प्रत्यक्ष पाहून साठवलेला आकारांचा संचय. परांजपे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘ब्रश मायलेज’ असे नाव दिले. त्यांचे गुरू के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन बेळगावच्या टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत असून तेथे चित्रप्रदर्शने भरतात.