सिरोंजची आधाररेषा आणि उष्म्याचा हिशेब

महसूल खात्यात असताना बेटम्याच्या शिवारात एक तक्रार वारंवार कानी येई : पौषात मोजलेले शेत वैशाखात कमी कसे भरते? उन्हाने साखळी लांबते व शेत कमी कड्यांत मोजले जाते, हे खरे. परंतु तपमानात 20 अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी 100 फुटी पोलादी साखळी पाव इंचाहून किंचित अधिक वाढते. बांधाच्या वादाचे मूळ बहुधा झिजलेल्या कड्यांत असे. मात्र 7 मैलांच्या रेषेत हीच वाढ सुमारे साडेआठ फुटांवर जाते.

म्हणूनच 1802 साली मद्रासजवळ आधाररेषा मोजताना विल्यम लॅम्टन यांनी साखळी लाकडी पन्हळींत, तंबूच्या सावलीत ठेवली. शेजारी तापमापक ठेवून प्रत्येक लांबी एका ठराविक तपमानाला आणली. 20 जानेवारी 1823 रोजी नागपूरच्या वाटेवरील हिंगणघाटात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले व 1824-25 मध्ये आपल्या माळव्यातील सिरोंज येथे आधाररेषा मोजली.

तथापि साखळीवर त्यांचे समाधान झाले नाही. 1830 मध्ये विलायतेहून परतताना त्यांनी कोल्बी यांच्या पद्धतीच्या 10 फुटी पट्ट्या आणल्या. लोखंडाची व पितळेची कांब मध्यभागी जोडलेली. पितळ अधिक प्रसरण पावते. टोकांच्या तिरप्या जिभांवरील ठिपक्यांमधील अंतर या विषम वाढीमुळेच स्थिर राहावे, अशी ती योजना. 1837-38 मध्ये सिरोंजची रेषा या पट्ट्यांनी पुन्हा मोजण्यात आली. त्यातही उणीव होतीच : दोन्ही धातू सारख्याच वेगाने तापत वा निवत नाहीत.

आज छापखान्यात संगणकाच्या पडद्याचे रंग जुळविणाऱ्या रंगमापकाची गोष्ट वेगळी नाही. तापलेला पडदा मापकासही तापवितो, आणि तापलेला संवेदक अंधारातही किंचित संकेत देतो. म्हणून जाणकार दोघांनाही स्थिर तपमानाला येऊ देतात, मगच मापन करतात.

माझ्या सबंध नोकरीत मोजणीच्या कागदावर तपमानाची नोंद मी कधी पाहिली नाही, आणि मागितलीही नाही. शेतासाठी तिची गरज नव्हती, हे मान्य. परंतु आपले माप किती चुकते हे न विचारताच मी सह्या केल्या. एव्हरेस्ट यांनी मात्र स्वतःच मोजलेली रेषा बारा-तेरा वर्षांनी पुन्हा मोजावयास घेतली.