झाडावरचा धनुर्धारी

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले ओकचे जंगल. उजाडायला अजून अवकाश आहे. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर, खोडाला पट्ट्यांनी आवळलेल्या धातूच्या बैठकीवर एक माणूस धनुष्य घेऊन निश्चल बसला आहे. या बैठकीला तिकडे ‘ट्री स्टँड’ म्हणतात. आपण सरळ मचाण म्हणू. इंग्रज शिकाऱ्यांनीही हा शब्द इथूनच उचलला होता. खाली पडलेली ओकची फळे खायला पांढऱ्या शेपटीचे हरीण येईल, अशी त्याची अटकळ आहे. हा त्यांचा माजाचा काळ. एरवी कमालीचा सावध असलेला नर या दिवसांत मादीच्या मागे बेभान फिरतो. (अशाच बेसावध क्षणी बाण सोडून शाप ओढवून घेणारा पांडू आपल्याला आठवेल.)

हरीण सहसा वर पाहत नाही, हा मचाणाचा मुख्य फायदा. तरीही ते वीस-तीस मीटरांच्या आत आल्याखेरीज जाणता शिकारी बाण सोडत नाही. प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो आणि आजचा वेगवान बाण नव्वदच्या आसपास. अंतर जास्त असले, तर हरीण आवाजाने दचकून खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो.

हे दृश्य पाहून वाटते, ही हजारो वर्षांची अखंड परंपरा असावी. तशी ती नाही. पूर्वेकडच्या आदिवासींनी याच हरणावर शतकानुशतके बाण चालवले, हे खरे. पण कातड्याचा व्यापार आला, बंदूक आली, आणि आदिवासींना त्यांच्या भूमीवरून हुसकावून लावण्यात आले. १८७८ मध्ये मॉरिस थॉम्पसन यांनी धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले, तेव्हा गोऱ्या अमेरिकेत धनुष्य हा हौसेचा खेळ होता. मचाणावरच्या आजच्या धनुर्धाऱ्याची वंशावळ लावायची, तर एका संग्रहालयापाशी जावे लागते.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर पन्नाशीचा एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा उरलेला. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी केलेल्या कत्तलींत १८६०च्या दशकात त्याची जमात जवळजवळ संपली होती. उरलेसुरले लोक चार दशके दऱ्यांत लपून जगले. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले, म्हणजे नुसते ‘माणूस’. विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात त्याची राहण्याची सोय झाली. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप हे शल्यचिकित्सक होते. ते इशीला तपासायला येत, ते त्याचे शागीर्द झाले.

इशीचे धनुष्य आखूड, जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर प्राण्याचे स्नायुतंतू चिकटवलेले. प्रत्यंचा तो अंगठ्याने ओढी. बाणाची टोके ज्वालामुखी काचेची, आणि ती नसली तर फुटक्या बाटलीचीही. शिकारीच्या आधी तो मासे नि तंबाखू वर्ज्य करी, अंघोळ करी. डोक्यावर हरणाचे पेंढा भरलेले मुंडके चढवून कळपाला चकवी. (त्याच्या मुलखातली हरणे काळ्या शेपटीची, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.) अंगठा म्हटला की मराठी वाचकाला एकलव्य आठवणारच. इथे मात्र गुरू आदिवासी होता आणि शिष्य डॉक्टर.

मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. त्याच्या देहाची चिरफाड करू नये, असे क्रोबर यांनी पत्रातून बजावले होते. पत्र पोचेतो शवविच्छेदन होऊन गेले होते आणि मेंदू काढून ठेवला होता. पुढे क्रोबर यांनीच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडला. मला या हकिगतीतले हे वळण सर्वांत अस्वस्थ करते. ज्याने विरोध केला, त्याच्याच हातून ते पार्सल गेले.

पोप यांनी आर्थर यंग या मित्रासह शिकारी केल्या आणि १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक प्रसिद्ध केले. यंगचा अलास्कातला चित्रपट पाहून डेट्रॉइटचा फ्रेड बेअर भारावला आणि १९३३ मध्ये त्याने धनुष्यांचा कारखाना काढला. दुसऱ्याच वर्षी विस्कॉन्सिनने दोन परगण्यांत केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा हंगाम उघडला. त्या राज्यातले आल्डो लिओपोल्ड, वन्यजीव-व्यवस्थापनाचे आद्य अभ्यासक, स्वतःची धनुष्ये स्वतः घडवत.

मुळात हरणेच किती उरली होती? विसाव्या शतकाच्या आरंभी देशभरात पाचेक लाख, असा अंदाज आहे. बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने ती संपत आली होती. मग कायदे झाले, हंगाम ठरले. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला आणि १९७२च्या दुरुस्तीने धनुष्य-बाणही त्या करात आले. आज हरणे तीन कोटींच्या घरात आहेत आणि शेतकरी, वाहनचालक वैतागले आहेत.

उरली दोन साधने. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्या लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ताणल्यावर या धनुष्याचा जोर हलका होतो आणि माणूस ते बराच वेळ रोखून धरू शकतो. पाठीवर वाहून नेता येणारी मचाणेही साधारण त्याच काळात पसरली. आज या शिकाऱ्यांना बाणापेक्षा मचाणावरून पडण्याचीच इजा अधिक होते, म्हणून अंगभर पट्टे बांधून बसायची शिस्त शिकवली जाते.

१९६१ मध्ये धनुर्धाऱ्यांनी मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणारी संस्था काढली. तिला नाव दिले पोप आणि यंग यांचे. इशीच्या शवपेटीत मित्रांनी त्याचे एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते. त्याचा मेंदू २००० साली स्मिथसोनियनने त्याच्या नातेसंबंधातल्या जमातींकडे परत केला. अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्यांनी ते त्याच्या मुलखात पुरले. जागा कुठली, ते त्यांनी जाहीर केलेले नाही.