फॉरशी टॅक्सीसेवा

फॉरशी ही स्त्री प्रवाशांसाठी स्त्री चालकांनी चालवलेली, मुंबईत सुरू झालेली टॅक्सीसेवा होय. रेवती रॉय यांनी इ.स. २००७ मध्ये तिची स्थापना केली. पती कोमात असताना खर्च भागवण्यासाठी रॉय यांनी स्वतः टॅक्सी चालवली होती. त्या अनुभवातून ही कल्पना पुढे आली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी पुण्यात रात्रपाळीसाठी निघालेल्या तरुणीचा, कंपनीने नेमलेल्या गाडीच्याच चालकाने साथीदारासह खून केला. नोकरदार स्त्रियांच्या रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

अशा सेवांना प्रवाशांपेक्षा चालकांचीच वाण असे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७ नुसार हलक्या मोटारीचा परवाना किमान वर्षभर जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नसे. घरात कधीच मोटार नसलेल्या स्त्रीला, म्हणजे जिला या रोजगाराची सर्वाधिक गरज तिलाच, हे वर्ष बिनकमाईचे जाई. हलक्या परिवहन वाहनासाठी वेगळी नोंद आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन खटल्यात २०१७ मध्ये दिला.

रॉय यांनी २०१६ मध्ये ‘हे दीदी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात स्त्रिया दुचाकीवरून घरपोच सामान पोहोचवतात.